चार टीबी फोटो, एक फाटकी वही आणि रिव्ह्यूअरचा प्रश्न

विभाग: निसर्ग आणि विज्ञान

रानवाट_खानापूर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सस्तन प्राण्यांवर माझं काम चालू आहे. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा हा पट्टा, थोडा भीमगड अभयारण्यात, थोडा बाहेर. माझ्या आधी या प्रकल्पावर जे होते ते नोकरी लागून निघून गेले आणि त्यांचा सगळा संसार माझ्या ताब्यात आला. तीन हार्डडिस्क मिळून चारेक टीबी ट्रॅप कॅमेऱ्याचे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) फोटो, चार-पाच एक्सेल फाइली (नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेली') आणि कॅमेरे लावल्या-काढल्याची एक वही. वहीत निम्मं कन्नड, निम्मं मराठी, मध्येच इंग्रजी. काही पानं पावसात भिजलेली.

आता पेपर पाठवला तर तो तपासणारा रिव्ह्यूअर म्हणतो, मूळ तक्ता आणि कोड (हिशोबाचा प्रोग्रॅम) द्या, तुमचा दुसरा टेबल मला माझ्या मशीनवर काढता आला पाहिजे. मागणी रास्तच आहे. पण मी स्वतः बसून हिशोब केला तर भेकराच्या नोंदी जुन्या मसुद्यापेक्षा कमी येतात. गव्याच्याही. पिसोरीच्या (हरणासारखं छोटं जनावर) तेवढ्याच येतात. कुठली फाइल खरी हे सांगायला कुणी नाही. फोन केला तर "एक्सेलमध्ये सगळं आहे बघ" एवढंच उत्तर.

विचारायचं असं की हात कुठून घालू? गावांची आणि प्राण्यांची नावं तीन भाषांत आहेत, त्यांचं काय करतात? आणि कॅमेऱ्यांच्या जागा जशाच्या तशा जगजाहीर करायला मन धजत नाही. वाघाचेही फोटो आहेत त्यात.

हार्डडिस्कवाला | सोमवार, रात्री १०.१५

ताई, आधी एक करा. त्या फाइली उघडूच नका. गंमत नाही, खरंच सांगतोय. एक्सेलमध्ये नुसतं टाइप करताना, किंवा साध्या मजकुराची (सीएसव्ही) फाइल त्यात उघडून सेव्ह करताना, आतला मजकूर बदलू शकतो. ग्रिडचा नंबर ५-३ असा लिहिला असेल तर त्याची तारीख होते. कॅमेऱ्याचा कोड २ई५ असेल तर एक्सेलला ती संख्या वाटते आणि दोन लाख होऊन बसते. जनुकांवर काम करणाऱ्यांना हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये मार्च-१, सेप्ट-१ असल्या जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून विज्ञानाने नाव बदललं!

त्याच वर्षी इंग्लंडात कोविडच्या १५,८४१ केसेस सरकारी आकड्यातून गळाल्या, कारण कुणीतरी जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये माहिती भरत होतं आणि त्या फॉरमॅटची धाव ६५,५३६ ओळींपर्यंतच. पुढच्या ओळी गुपचूप कापल्या गेल्या.

तर क्रम असा. नवीन दोन हार्डडिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपनीच्या. जुन्या तीन डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं दोन्हींवर उतरवा. नाव बदलायचं नाही, रिकामे फोटो काढायचे नाहीत, 'साफसफाई' काहीही नाही. मग प्रत्येक फाइलचा चेकसम (आतल्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढा. शा-२५६ ही पद्धत घ्या. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो, म्हणून कॉपी नीट झाली की नाही हे डोळ्यांनी बघत बसावं लागत नाही. चेकसमची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. त्यानंतर मूळ फोल्डर रीड-ओन्ली करून टाका. पुढचं सगळं काम दुसऱ्या फोल्डरमध्ये.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात, हा जुना नियम आहे. तिसरी प्रत क्लाउडवर टाकायचा विचार असेल तर हिशोब करून बघा. १० एमबीपीएस अपलोडने ४ टीबी चढवायला सलग ३७ दिवस लागतात, तेही करंट एकदाही न जाता. खानापुरात. त्यापेक्षा एक डिस्क मामाच्या घरी कोल्हापूरला ठेवून या.

नुसताच_वाचक | सोमवार, रात्री १०.३१

'फायनल सरांनी बघितलेली' नंतर 'फायनल सरांनी खरंच बघितलेली' अशीही एक सापडेल. शोधा.

चोर्ल्याचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, मी कॅमेरे लावायला जाणारातला. कॉम्प्युटरचं आमाला काय कळत न्हाई, पण वहीचं सांगतो.

ती भिजलेली वही टाकू नका. एक्सेलपेक्षा तीच खरी. कॅमेरा कवा लावला, कवा काढला, काढताना चालू होता की मेला होता, हे तिथंच असतंय. कॅमेरा लावला म्हणजे चालूच होता असं धरून चालू नका. सेल उतरत्यात. दमटपणानं आत पाणी धरतंय. गवा येऊन अंग घासतोय झाडाला, मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं. चालू हाय, पण फोटो निस्ते पाचोळ्याचे. पट्टा सैल पडला तर आभाळाचे. वहीत आमी लिवतो 'तोंड फिरलं' म्हणून, ते पुढं एक्सेलमदी कुणी चढवतच न्हाई. रकानाच नसतोय त्याला.

आणि एक. आमच्या पार्टीत कॅमेरा लावला की फोनवरची तारीख-वेळ मोठी करून कॅमेऱ्यासमोर धरायची, एक फोटो पडू द्यायचा. काढतानाबी तसंच. मागनं घड्याळ चुकलं असलं तर कितीनं चुकलं ते समजतंय. सेल पूर्ण उतरून परत घातले की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ पार पैल्या तारखेला जातंय, जानेवारी एक. तुमच्या डिस्कमदी एक जानेवारीचे ढीगभर फोटो असले तर समजून घ्या काय झालंय ते.

वहीचे आदी फोटो काढा, पानागणिक. भिजलेलं पान सुकवून, दिवसाच्या उजेडात.

गणिती_मास्तर | मंगळवार, दुपारी १.२०

वरच्या गृहस्थांनी जे सांगितलं ते सांख्यिकीच्या वर्गात शिकवायला हवं. निपाणीच्या कॉलेजात मी आयुष्य घालवलं. विद्यार्थी अंश घेऊन येतात, छेद विसरून येतात.

एका जागी कॅमेरा ६० रात्री होता आणि भेकर १० वेळा आलं. शंभर ट्रॅप-रात्रींमागे (एक कॅमेरा एक रात्र चालू, ती एक) १६.७ असा दर निघतो. पण तो कॅमेरा विसाव्या रात्रीच बंद पडला असेल तर दर ५० होतो. फोटो तेच, भेकर तेच. फरक फक्त वहीत कुणी 'मेला' लिहिलं की नाही याचा. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की तुमचा डेटा म्हणजे ते चार टीबी फोटो नव्हेत. कुठला कॅमेरा कुठे, कधीपासून कधीपर्यंत खरोखर बघत होता, हा शे-दोनशे ओळींचा तक्ता हाच तुमचा डेटा. फोटो त्याच्यावर टांगलेले आहेत. आणि गंमत अशी, की जगाला फोटोंची काळजी असते आणि तक्त्याची नसते, कारण तक्ता फेसबुकवर टाकता येत नाही.

'कॅमट्रॅप-आर' नावाचं, आर या आकडेमोडीच्या भाषेतलं पॅकेज (तयार कोडचा संच) आहे. त्यात कॅमेरा कुठल्या दिवशी चालू, कुठल्या दिवशी बंद याचं कोष्टक करायची सोय आहे, मधल्या बिघाडाच्या तारखाही देता येतात. तिथून सुरुवात करा.

दुसरा मुद्दा 'एक नोंद' म्हणजे काय याचा. एकच भेकर कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटं चरलं तर पन्नास फोटो पडतात. साधारण ३० मिनिटांच्या आतले एकाच प्रजातीचे फोटो एकच घटना धरतात, काही लोक तास धरतात. तुमच्या पूर्वसूरींनी काय धरलं होतं? मसुद्यात लिहिलेलं नसेल तर तुमच्या-त्यांच्या आकड्यांत फरक पडायला एवढं एक कारण पुरे. मात्र पिसोरी तेवढीच येते म्हणता, म्हणून मला वाटतं घोळ दुसरीकडे असावा.

रानवाट_खानापूर | मंगळवार, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. डिस्क घेतल्या, कॉपी चालू आहे. एक जानेवारीचे फोटो आहेत! दोन कॅमेऱ्यांचे, आणि ते दोन्ही कणकुंबीकडचे.

मास्तर, ३० मिनिटंच धरली होती, कोडमध्ये तसं लिहिलेलं सापडलं. म्हणजे तो घोळ नाही. माझ्या कोडमध्ये मी एवढंच जास्त केलंय की कॅमेरा बंद असतानाच्या तारखेची नोंद आली तर ती गाळायची. त्यात बऱ्याच नोंदी गळतात. कॅमेरा काढल्यानंतरच्या तारखेला भेकर कसं दिसेल?

हार्डडिस्कवाला | मंगळवार, रात्री ९.२२

तारखेचा रकाना बघा. (कॉपी केलेल्या फाइलमध्ये!) काही तारखा खान्याच्या डाव्या बाजूला चिकटल्यात आणि काही उजव्या, असं आहे का?

रानवाट_खानापूर | मंगळवार, रात्री ९.३०

हो. तसंच आहे. मला वाटलं फॉरमॅटिंग असेल.

हार्डडिस्कवाला | मंगळवार, रात्री ९.५८

सापडलं मग. बऱ्याच ट्रॅप कॅमेऱ्यांत फोटोच्या खालच्या पट्टीवर तारीख अमेरिकन पद्धतीने येते, महिना आधी. कुणीतरी ती पट्टी वाचून एक्सेलमध्ये टाइप केली. तुमचं एक्सेल भारतीय सेटिंगवर, दिवस आधी. त्यामुळे ५ मार्चची तारीख ०३/०५ अशी टाइप केली की एक्सेल तिला ३ मे समजतं आणि तारीख म्हणून उजवीकडे लावतं. २५ मार्च म्हणजे ०३/२५. पंचविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेल ते नुसता मजकूर समजून डावीकडे लावतं. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी महिना उलटून बसल्यात (१ जानेवारी, २ फेब्रुवारी असे जुळे दिवस सोडून) आणि बाकीच्या मजकूर म्हणून पडून आहेत. मार्चचं भेकर मे महिन्यात गेलं, तेव्हा कॅमेरा केव्हाच उतरवलेला होता, म्हणून तुमच्या कोडने ते गाळलं. कोड बरोबर आहे.

पिसोरी का वाचली? अंदाज असा, की तिच्या मोजक्या नोंदी बारा तारखेनंतरच्या असतील, किंवा दुसऱ्या कुणी भरल्या असतील.

उपाय म्हणजे पट्टी वाचायचीच नाही. प्रत्येक जेपीजी फाइलच्या पोटात एक्झिफ माहिती असते, तिच्यात तारीख कायम वर्ष-महिना-दिवस अशी असते, गोंधळाला जागाच नाही. 'एक्झिफटूल' हा फुकटचा प्रोग्रॅम सगळ्या फोटोंची तारीख-वेळ एका तक्त्यात काढून देतो. लाखभर फोटो असले तरी रात्रीतून होईल. मग त्यातून नोंदी नव्याने जोडा. कणकुंबीच्या त्या दोन कॅमेऱ्यांना पाऊसदादांनी सांगितलेली फोनची वेळ धरून दुरुस्ती करा, पण मूळ एक्झिफ बदलू नका. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, किती तास वाढवले ते त्याच्याशेजारी.

एक सावधानता. गार्ड लोक व्हॉट्सॲपवर जे फोटो पाठवतात त्यांची एक्झिफ माहिती व्हॉट्सॲप पुसून टाकतं. ते फोटो नोंद म्हणून धरू नका. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

कडोलीकर | बुधवार, सकाळी ११.१०

वाचतोय सगळं. रागवू नका, पण हा सगळा उपद्व्याप कशासाठी? जंगल वाचवायचंय की फाइली? आमच्या लहानपणी तळेवाडी, गवाळीकडची म्हातारी माणसं पाऊल बघून सांगायची, नर की मादी, कधी गेला, किती जड. त्यांना कुणी कोड मागितला नाही. शहरातला रिव्ह्यूअर कोण लागून गेला?

गणिती_मास्तर | बुधवार, दुपारी ३.४५

कडोलीकर, म्हाताऱ्या माणसांबद्दल मलाही आदर आहे. पण पावलांवरूनच वाघ मोजायची पद्धत आपल्या देशाने १९६६ पासून सुमारे चार दशकं वापरली. पाऊल काचेवर उतरवायचं, कागदावर छापायचं आणि साहेबांनी डोळ्याने ओळखायचं की हा वाघ कालचाच की दुसरा. दुसऱ्या साहेबाने तेच कागद बघून वेगळा आकडा काढला तर खरा कोणता, हे ठरवायची सोयच नव्हती. २००४-०५ मध्ये राजस्थानात सरिस्काला काय झालं ते आठवा. कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता. त्यानंतर पद्धत बदलली आणि २००६ च्या नव्या पाहणीत देशाचा आकडा १,४११ आला, आधीच्या सरकारी आकड्याच्या निम्म्याहून कमी.

कॅमेऱ्याचा फायदा यंत्रामुळे नाही. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, डाव्या अंगाचे वेगळे, उजव्या अंगाचे वेगळे. फोटो समोर ठेवला की तुम्ही, मी, तो शहरातला रिव्ह्यूअर, कुणीही ताडून बघू शकतो. तुमच्या गवाळीच्या म्हाताऱ्याचं म्हणणंही तपासता येतं, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघेल. ते सिद्ध करायलाच ही वही लागते.

आणि पसारा केवढा ते बघा. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, ३ कोटी ४८ लाखांवर फोटो पडले, त्यात वाघाचे ७६,६५१. म्हणजे हजारात दोन-सव्वादोन. बाकी चितळ, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हलणारं गवत. हे डोळ्याने आणि आठवणीने पेलणारं काम नाही.

कडोलीकर | बुधवार, सायंकाळी ६.३०

सरिस्काचं मान्य. पण मग सरकारी पाहणीचे सगळे मूळ फोटो आणि जागा तरी कुठे सर्वांना बघायला मिळतात? विद्यार्थिनीकडून मागायचं आणि मोठ्यांकडून नाही, असं चालणार का?

गणिती_मास्तर | बुधवार, सायंकाळी ७.०२

हा प्रश्न शंभर टक्के बरोबर. जागा लपवायला शिकारीचं कारण आहे, ते मी समजू शकतो. विश्लेषणाचा तक्ता आणि कोड लपवायला ते कारण पुरत नाही.

हार्डडिस्कवाला | बुधवार, रात्री १०.४०

ताईंचा नावांचा प्रश्न राहिला होता.

प्राण्याचं स्थानिक नाव तक्त्यात जरूर ठेवा, पण मोजणी त्याच्यावर करू नका. एक वेगळी छोटी यादी करा. वहीत आलेलं प्रत्येक नाव डावीकडे, शास्त्रीय नाव उजवीकडे. गवा, काटी, काडेम्मे, सगळे बॉस गॉरस. 'वाघ' मात्र जपून. वहीत नुसतं वाघ लिहिलं असेल तर पट्टेरी की बिबट्या हे फोटो बघूनच ठरवायचं. फोटो नसेल तर 'मोठं मांजरकुळ, अनिश्चित' असा वेगळा शेरा, अंदाज नाही.

टायपिंगचे घोळ वेगळेच. 'किनाऱ्यावर' मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एक अक्षर म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्याला सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. जोडाक्षरात अदृश्य जोडक घुसला तरी तेच. अशी दोन रूपं एक करणारी युनिकोड नॉर्मलायझेशन नावाची क्रिया आहे, ऱ साठी ती चालवा. अदृश्य जोडक मात्र तिने जात नाही, तो वेगळा पुसावा लागतो. नुडी, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं असेल तर ते युनिकोडच नाही, फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा भुसा दिसतो. त्याला कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर माणसाने एकदा वाचणं लागतंच. फाइल सीएसव्ही करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील.

देवनागरी अंकांचं एक गमतीशीर. पायथनला मजकुरातून पूर्णांक करायला सांगितलं तर देवनागरी १२ हे बारा म्हणून तो मुकाट्याने घेतो. आर भाषा घेत नाही, 'माहिती नाही' म्हणून सोडून देते. एकच वही, दोन भाषा, दोन उत्तरं.

रिकामे फोटो बाजूला काढायला 'मेगाडिटेक्टर' हा प्रोग्रॅम वापरा. तो प्रजाती सांगत नाही, फक्त प्राणी, माणूस, वाहन एवढंच, आणि किती खात्रीने ते. कुठली आवृत्ती वापरली आणि किती खात्रीच्या खालचं सोडून दिलं हे लिहून ठेवा. उद्या आवृत्ती बदलली की आकडे थोडे हलणार. आणि सोडलेल्यांतले काही फोटो हाताने तपासा. पिसोरीसारखं लहान, अंधारातलं जनावर तिथेच लपतं.

गणिती_मास्तर | गुरुवार, सकाळी ९.१५

आवृत्तीवरून आठवलं. २०१९ मध्ये आरची ३.६.० आवृत्ती आली आणि तिने यादृच्छिक नमुना काढायची आतली रीत बदलली. म्हणजे कोडात बीज-संख्या (दर वेळी तोच नमुना यावा म्हणून देतात ती) ठरवून दिली असली तरी जुन्या आणि नव्या आरमध्ये नमुना वेगळा निघतो. तुमच्या पूर्वसूरींचा कोड त्याच्या आधीचा असेल तर शेवटच्या दशांशात फरक दिसेल, घाबरू नका. तसंच नकाशाची आरजीडॅल, आरजीऑस ही पॅकेजेस ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, जुना कोड तिथे अडेल. 'एसएफ' आणि 'टेरा' वापरून लिहावा लागेल. तुमच्या प्रकल्पातली सगळी पॅकेजेस आवृत्तीसकट नोंदवून ठेवणारं 'आरएनव्ही' आहे. ते आजपासून चालू करा.

वाघळी | गुरुवार, दुपारी १२.३५

मी वटवाघळांवर काम करते, थोडं दुसऱ्या अंगाने लिहिते. फोटोवाल्यांनो, तुम्ही चार टीबीला घाबरता? आपल्याकडच्या बारापेडे गुहेच्या परिसरात 'ओटोमॉप्स राँटनी' हे वटवाघूळ आहे. १९१३ मध्ये जगापुढे आलेली ही जात कित्येक दशकं फक्त याच गुहेतून माहीत होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळाली. वटवाघळांचे आवाज नोंदवायला रेकॉर्डर ३८४ किलोहर्ट्झवर चालवला तर १६ बिटला तासाला सुमारे २.८ जीबी भरते. रात्रभर ठेवला की विचारू नका. म्हणून आमच्यात कुठल्या वेळी, कुठल्या सॅम्पलिंगवर आणि आवाजाच्या कुठल्या पातळीवर रेकॉर्डर जागा होतो, ही सेटिंगची फाइल रेकॉर्डिंगइतकीच जपतात. मास्तर ज्याला छेद म्हणतात तोच आहे हा.

जागांबद्दल सांगायचं तर अक्षांश-रेखांश एका दशांशापर्यंत गोल केले की जागा साधारण दहा-अकरा किलोमीटरच्या चौकोनात कुठेही असू शकते, दोन दशांशांनी एक किलोमीटरच्या. जाहीर तक्त्यात संवेदनशील जातींसाठी एक दशांश पुरे. पण मग घनतेचा हिशोब परत करता येत नाही, कारण त्याला कॅमेऱ्यांमधली अंतरं लागतात. त्यावर एक युक्ती आहे. जागा आधी यूटीएममध्ये (मीटरमधले पूर्व आणि उत्तर आकडे) न्या, आपला जिल्हा ४३ उत्तर पट्ट्यात येतो. मग सगळ्या जागांच्या पूर्व आणि उत्तर आकड्यांत एकच गुप्त संख्या मिळवा. सगळं जाळं जसंच्या तसं सरकतं, अंतरं तीच राहतात, साध्या अवकाशीय पुनर्पकड मॉडेलचं (कुठलं जनावर कुठे, कितीदा दिसलं त्यावरून घनता काढणारं) उत्तर तेच येतं, आणि गुहा कुठे आहे ते कुणाला कळत नाही. जंगलाच्या प्रकाराचा नकाशाही मॉडेलमध्ये घेतला असेल तर ही युक्ती चालत नाही. नकाशाच्या आकारावरून जागा ओळखू येते. तेव्हा मूळ जागा मागितल्यावरच द्यायच्या.

परवानगीच्या पत्रातल्या अटी मात्र आधी वाचा. अभयारण्यात संशोधनाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते, त्यात माहिती कुणाला देता येईल याबद्दल काही लिहिलं असेल तर ते पाळावंच लागेल. इथला वाघ एका रात्रीत गोव्यात म्हादई अभयारण्यात जातो, तिथून तिळारीकडे, त्याला तीन राज्यं आहेत हे ठाऊक नाही. तीन राज्यांचे तीन तक्ते एकमेकांना जोडता यावेत म्हणून 'कॅमट्रॅप-डीपी' हा ठरलेला साचा वापरा. कॅमेरा कुठे-कधी होता त्याची एक फाइल, फोटोंची एक, नोंदींची एक.

चोर्ल्याचा_पाऊस | गुरुवार, रात्री ८.१०

जागेचं बोलालात ते बरं. आणि एक गोष्ट कोण बोलंना. कॅमेऱ्यात जनावरापरास माणसंच जास्त येत्यात. सरपणाला जाणाऱ्या बाया, मध काढणारी पोरं, गुरं हाकणारं म्हातारं. कोण पाण्याला बसलेलं. ते फोटो डिस्कवर तसंच पडलेले असत्यात आणि ज्याच्या हातात डिस्क तो बघतोय. गावात नाव कळलं तर आमालाच लोक विचारणार, कॅमेरा तू लावलास न्हवं?

वाघळी | गुरुवार, रात्री ८.४४

दादा, हे तुम्ही बोललात ते फार बरं झालं. २०२४ मध्ये कॉर्बेटच्या परिसरातला एक अभ्यास छापून आला, त्यात नेमकं हेच आहे. कॅमेऱ्यांमुळे जंगलात जाणाऱ्या बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, गात नाहीत, वाट बदलतात. ताई, मेगाडिटेक्टरने 'माणूस' म्हटलेले सगळे फोटो वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये टाका. तक्त्यात 'माणूस, इतक्या वाजता' एवढीच ओळ राहू द्या. चेहरे कुठल्याही जाहीर साठ्यात जाता कामा नयेत. ते मूळ फोटो ठेवायचे की पुसायचे, हे मार्गदर्शकांशी लेखी ठरवा.

हार्डडिस्कवाला | गुरुवार, रात्री ९.००

सहमत. पहिल्या दिवशी मी 'काहीही पुसू नका' म्हणालो होतो, त्याला हा एक अपवाद. पुसलेच तर चेकसमच्या यादीत त्या ओळींपुढे 'काढले, कारण माणूस' असं लिहा, म्हणजे फाइल हरवली की मुद्दाम काढली हे कळेल.

रानवाट_खानापूर | शनिवार, दुपारी २.२०

थोडं कळवते. एक्झिफवरून तारखा काढल्या. भेकराच्या बहुतेक गळलेल्या नोंदी परत आल्या. तारखेचाच घोळ होता, हार्डडिस्कवाल्यांनी सांगितला तसाच. पण जुन्या मसुद्याइतका आकडा अजूनही येत नाही. वहीचं एक पान वाचलं तर हेम्मडग्याजवळच्या एका कॅमेऱ्यापुढे 'तोंड फिरलं' लिहिलंय, कन्नडमध्ये, आणि त्यानंतरचे दिवस जुन्या हिशोबात चालू धरलेत. म्हणजे जुना दरही चुकीचा होता. दोन पानं मात्र वाचताच येत नाहीत. त्या कॅमेऱ्यांचे दिवस मी 'अज्ञात' ठेवलेत आणि ते धरून व न धरून, दोन्ही निकाल देणार आहे.

रिव्ह्यूअरला काय पाठवू? चार टीबी तर कुठे चढणार नाहीत.

गणिती_मास्तर | शनिवार, सायंकाळी ५.५०

दोन्ही निकाल देणं उत्तम. रिव्ह्यूअर नाक मुरडेल, मुरडू दे.

हार्डडिस्कवाला | शनिवार, सायंकाळी ६.१५

फोटो नकोतच. वाघळींच्या साच्यातले तीन तक्ते, नावांची यादी, कोड, पॅकेजांच्या आवृत्त्या, चेकसमची यादी आणि वहीच्या पानांचे स्कॅन (गावकऱ्यांची नावं, फोन नंबर आणि कॅमेऱ्यांच्या जागा झाकून). हे सगळं मिळून काही एमबी, फार तर स्कॅनमुळे थोडं जास्त. 'झेनोडो'वर टाका. सर्न या युरोपातल्या संस्थेने २०१३ मध्ये चालू केलेला फुकट साठा आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि कायमचा डीओआय क्रमांक (संदर्भ द्यायचा पत्ता) मिळतो. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे, म्हणून स्कॅन तिथे नको, कोड तेवढा ठेवा.

आणि टाकण्याआधी एक परीक्षा घ्या. दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर, तुम्ही शेजारी न बसता, नुसती सूचनांची फाइल वाचून तुमचा दुसरा टेबल निघतो का ते बघा.

नुसताच_वाचक | शनिवार, सायंकाळी ६.२१

माझा लॅपटॉप रिकामा आहे. आर म्हणजे काय ते मला माहीत नाही, म्हणजे परीक्षेला मीच योग्य.

रानवाट_खानापूर | शनिवार, सायंकाळी ६.४०

चालेल! व्यनि करते. विंडोज आहे ना? आणि फाइलचं नाव 'फायनल' नसेल, आधीच सांगते.

चोर्ल्याचा_पाऊस | शनिवार, रात्री ९.३०

ती न वाचता येणारी दोन पानं मला दाखवा की ताई. अक्षर ओळखीचं असंल तर सांगतो कुणाचं ते. आमच्यातलाच कोणतरी असणार, जांबोटीत गाठ पडली की विचारून घेतो.